सेबास्तियांवला वारस असता तर?

१५७८ मध्ये मोरोक्कोतल्या लढाईत पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव निपुत्रिक मेला. १५८० मध्ये गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली. सेबास्तियांवला मुलगा असता, तर स्पेनशी लढणारे डच गोव्याच्या वाट्याला गेलेच नसते, असं ‘जर-तर’ मांडलं जातं. मला ते अर्धंच पटतं. स्पेनचं वैर पोर्तुगालला वारशात मिळालं, हे खरं. पण १६४० मध्ये पोर्तुगाल वेगळा झाला, १६४१ मध्ये डचांशी तहही झाला. तरी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोची डचांनी घेतलंच. लिस्बनच्या गादीवर कोण बसलंय, यापेक्षा त्यांना मसाल्याचा व्यापार हवा होता. कल्पनेत वारस खुशाल बदलावा. पण मिरी-दालचिनीचा हिशेब सोडून कसं चालेल?