निवाडा कोणी करायचा?

कॉमिक्स म्हणजे पोरांचा वेळ घालवण्याचा धंदा, हे मत आपल्या प्रस्थापित समीक्षेने कधी तपासून पाहिले नाही. न वाचता मत बनवण्याची तिची सवय जुनीच आहे. दलित आत्मकथनांनीही ती सोसली. म्हणून १९५३ साली 'विअर्ड फँटसी' या अमेरिकन कॉमिक्सच्या अठराव्या अंकात आलेली 'जजमेंट डे' ही छोटी चित्रकथा मी मुद्दाम पुढे ठेवतो. लेखन अल फेल्डस्टीन यांचे, चित्रे जो ऑर्लँडो यांची.

टार्लटन हा पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर तपासणीला येतो. हा ग्रह आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात घेण्याच्या लायकीचा झाला का, हे त्याने ठरवायचे आहे. नारिंगी यंत्रमानव त्याला आपला कारखाना दाखवतात. निळ्यांची वस्ती मात्र वेगळी, बसमध्ये त्यांची जागा मागची. (निळा रंग पाहून आपण हुरळून जायचे कारण नाही, तो योगायोग आहे.) निळ्यांच्या कारखान्यात सुटे भाग तेच, जोडणी तीच. फरक फक्त वरच्या आवरणाच्या रंगात, आणि शेवटी मेंदूत भरल्या जाणाऱ्या शिकवणीत.

कथेचे खरे बळ या शेवटच्या टप्प्यात आहे. नुसता रंग देऊन भागत नाही. नारिंगीला वरचढपणा आणि निळ्याला कमीपणा शिकवावा लागतो. विषमतेला शिक्षक लागतो, हे मास्तरकी करणाऱ्या आपल्यासारख्यांना टोचले पाहिजे. आपण घडण्याआधीपासून हे चालत आले आहे, एकट्याने काय होणार, असा नारिंगी वाटाड्याचा बचाव आहे. तो ऐकण्यासाठी आपल्याला दुसऱ्या ग्रहावर जावे लागत नाही.

टार्लटन ग्रहाला प्रवेश नाकारतो, यानात परततो, शिरस्त्राण काढतो. तो काळा माणूस आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तो १९५४ साली, म्हणजे या चित्रानंतर. १९५६ च्या अंकात ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिक्सच्या नव्या आचारसंहितेच्या कार्यालयाने तो काळा चेहरा बदलायला सांगितला. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी नकार दिला. मग निदान कपाळावरचा घाम तरी काढा, अशी मागणी झाल्याचे त्यांच्याकडून सांगितले जाते. कथा न बदलता छापली गेली. असा नकार देणारे प्रकाशक आपल्याकडे किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

तरीही माझे या कथेशी भांडण आहे. शिरस्त्राण काढताच टार्लटनचा चेहरा सगळे बोलून जातो. जातीला असा चेहरा नसतो. आपल्याकडे शिरस्त्राण निघाल्यावर समोरचा विचारतो, "पूर्ण नाव काय? गाव कुठले?" तिथे जात उघडी पडते. वर्णभेदाचे रूपक जातीला जसेच्या तसे लावणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरे भांडण मोठे आहे. प्रवेश नाकारला जातो तो संपूर्ण ग्रहाला. म्हणजे गुन्हा नारिंग्यांचा आणि शिक्षा निळ्यांनाही! वर आशेचे चार शब्द देऊन निवाडा करणारा उडून जातो. निळ्यांनी काही करायचे असते, हे कथेला सुचतच नाही. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्यावर माणसे गेली, ती कोणा तपासनिसाची वाट पाहत थांबली नव्हती. कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. खरे आहे. पण तिथे दाद मागणारे स्वतः पीडित होते, कागद त्यांचा होता. या कथेत निळ्यांचा कागदच नाही.

ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या लेखिकेची 'किंड्रेड' (१९७९) ही कादंबरी यासोबत वाचावी. तिची नायिका डेना १९७६ च्या कॅलिफोर्नियातून गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये ओढली जाते, आणि ज्या गोऱ्या मालकाच्या मुलाला वाचवायचे तोच तिचा पूर्वज निघतो. तिला टार्लटनसारखे यान नाही, शिरस्त्राण नाही. चाबूक तिच्या पाठीवर बसतो. शेवटी ती घरी परतते तेव्हा तिचा डावा हात भिंतीत अडकून राहिलेला असतो.