पोरसवदा राजा आणि न ऐकलेला आरोपी

मंडळी, ख्रिस्तोफर मार्लोच्या ‘एडवर्ड दुसरा’ या नाटकाच्या शेवटाबद्दल आज आपल्याला बोलायचं आहे. नाटकाला नाव बापाचं असलं, तरी शेवट मुलाचा आहे. बापाला गादीवरून उतरवून मारलं गेलंय. आई इझाबेला आणि तिचा सोबती रॉजर मॉर्टिमर राज्य हाकताहेत. शेवटच्या प्रवेशात पोरसवदा राजा मॉर्टिमरला देहदंड देतो, आईला टॉवरमध्ये धाडतो, आणि आपण प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो. हा श्वास आपण इतक्या सहज का सोडतो, ते पाहू.

इतिहासात तिसरा एडवर्ड १३२७ साली गादीवर आला, तेव्हा १४ वर्षांचा होता. या अज्ञान राजासाठी सरदारांचं मंडळ नेमलं होतं. मॉर्टिमरकडे रीतसर पालकपद नव्हतंच, तरी कारभार त्याचाच. आता पेच बघा: ज्यानं पद घेतलेलंच नाही, त्याच्याकडून ते परत मागायचं कसं? १९ ऑक्टोबर १३३० च्या रात्री राजाचे साथीदार भुयारातून नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी मॉर्टिमरला धरलं. राजाला अठरावं पुरं व्हायला महिनाही उरला नव्हता. पुढच्याच महिन्यात संसदेनं मॉर्टिमरला दोषी ठरवलं. गुन्हे जगजाहीर आहेत म्हणून त्याला बोलूच दिलं नाही. २९ नोव्हेंबरला टायबर्नला फाशी.

मार्लो काय करतो? मॉर्टिमरला ‘संरक्षक’ हे पद देऊन टाकतो. शेवटी त्याला पुरावा मागू देतो आणि लगेच त्याच्याच हातचं पत्र पुढे आणतो. म्हणजे खऱ्या प्रकरणात जे नव्हतं, ते पद आणि आरोपीचं उत्तर, दोन्ही नाटकानं पुरवलं. राजाचे हात स्वच्छ झाले.

नाटककाराला तेवढी मोकळीक आहेच. काका केंटला वाचवण्यासाठी राजा असूनही हा मुलगा गयावया करतो, तो प्रवेश तर आम्हाला फार मोलाचा वाटतो. नावापुरती सत्ता म्हणजे काय, ते तिथे कळतं. पण शेवटी अवघड प्रश्नच निसटतो: बेकायदा सत्ता बळानं काढून घेतल्यावर, तिच्या धन्याला न्याय द्यायचा की नाही?

इतिहासानं हा प्रश्न सोडला नाही. १३५४ मध्ये याच राजाच्या कारकिर्दीत संसदेनं तो निकाल रद्द केला. नातू राजाच्या मर्जीतला होता, हे खरं; पण आजोबाचं म्हणणं ऐकलं गेलं नव्हतं, हा मुद्दा मान्य झाला. त्याच साली कायदा झाला, की रीतसर प्रक्रियेनं उत्तर द्यायला लावल्याशिवाय कुणालाही, तो कुठल्याही दर्जाचा असो, ठार मारू नये.

मार्लोचा राजा एका प्रवेशात प्रौढ होतो. खऱ्याच्या राजवटीला त्यासाठी २४ वर्षं लागली. नाटक पुन्हा वाचताना ही वर्षं मनात ठेवा, एवढंच सांगणं. आता आपले प्रश्न घेऊ.