मोटारवाहनांचा इतिहास आणि व्हिडिओ-फिती : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

मोटारवाहनांच्या इतिहासासंबंधीच्या जुन्या व्हिडिओ-फिती जतन कराव्यात, ह्याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत आढळत नाही. प्रश्न उरतो तो कोणती फीत दुर्मिळ समजावी एवढाच. आणि त्याचे संग्राहकांत रूढ असलेले उत्तर कोकणच्या बाबतीत साफ अपुरे पडते.

ज्या फितीत मोटार हाच विषय आहे ती फीत मोलाची, असे ते उत्तर आहे. कारखान्यांचे प्रचारपट, जाहिराती, शर्यतींची चित्रणे ही ह्या वर्गातली सामग्री होय. ह्या दिशेने अमेरिकेत झालेले कार्य थोर आहे. रिक प्रेलिंगर ह्यांनी टाकाऊ ठरलेले औद्योगिक व शैक्षणिक चित्रपट गोळा केले आणि २००२ साली तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. जॅम हँडी संस्थेने शेव्हरोलेसाठी १९३७ साली काढलेला ‘अराउंड द कॉर्नर’ हा लघुपट आजही पाहावयास मिळतो. वळणावर मोटारीच्या दोन बाजूंची चाके निरनिराळ्या गतीने का फिरावी लागतात, हे त्यात इतक्या स्वच्छपणे उलगडले आहे की पाठ्यपुस्तकांनी त्याचा हेवा करावा. महाराष्ट्रातही ह्या पद्धतीने लिहिण्याजोगा इतिहास आहे. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, तिची फियाट, पुढे तिचेच झालेले ‘पद्मिनी’ हे नामांतर आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेली ह्या जातीची अखेरची टॅक्सी, अशी त्याची सरळ रेषा काढता येते.

मालवणला अशी रेषा नाही. तेथे मोटार घडली नाही. ती फोंडा, करूळ, आंबोली हे घाट उतरून किंवा मुंबईच्या वाटेने आली आणि वापरली गेली. म्हणून तेथील मोटारीचा इतिहास हा निर्मितीचा नसून वापराचा आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढील दशकांत किनाऱ्याची आगबोट मागे पडत गेली आणि चाकरमान्याचा मुंबईशी असलेला संबंध उत्तरोत्तर सडकेवर येऊन ठेपला. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा सडकेची ही मक्तेदारी संपली. जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस फीत १९७६ साली बाजारात आली आणि आपल्याकडे तिचा प्रसार त्यापुढील दशकात झाला. म्हणजे सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला त्या १९८१ सालापासून रेल्वे येईपर्यंतचा जो काळ, मोटारीच्या एकछत्री अमलाचा अखेरचा खंड, तोच व्हिडिओ कॅमेऱ्याचाही काळ ठरला. हा योगायोग इतिहासकाराच्या पथ्यावर पडणारा आहे. परंतु त्याचा लाभ अद्याप घेतला गेलेला नाही.

ह्या काळाचे चित्र व्यावसायिक चित्रपटांत शोधण्याचा मोह होतो. ‘बॉम्बे टू गोवा’ हा १९७२ सालचा हिंदी चित्रपट नावापुरता ह्याच वाटेचा. पण तो मुळात ‘मद्रास टू पाँडिचेरी’ ह्या १९६६ सालच्या तमिळ चित्रपटावरून बेतलेला. त्यातली बस ही नानाविध पात्रांना एकत्र बसविणारा फिरता रंगमंच आहे. रस्ता बदलला तरी कथेचे काही बिघडत नाही. २००४ सालच्या ‘नवरा माझा नवसाचा’ मधील गणपतीपुळ्याची एस.टी. अधिक ओळखीची वाटते, तरीही तिचे कार्य तेच. करमणूक म्हणून दोन्ही चित्रपट आपापल्या जागी चांगले आहेत. पुरावा म्हणून त्यांचे बळ थोडे.

खरा पुरावा आहे तो लग्नांच्या, गणेशचतुर्थीच्या, आंगणेवाडीच्या जत्रेच्या आणि दशावतारी नाटकांच्या घरगुती कॅसेटींत. चित्रण करणाऱ्याचे लक्ष वधूवरांकडे असते; चौकटीच्या कडेला मात्र फुलांनी सजविलेली अ‍ॅम्बॅसेडर, वऱ्हाडाची मॅटॅडोर, जादा सोडलेली लाल गाडी, सहा आसनी रिक्षा आपसूक नोंदली जाते. दशावताराचा पेटारा टेम्पोत कसा चढवीत, टपावर काय काय बांधीत, शिडीला लोंबकळणारी पोरे खाली कोण उतरवी, हे कोणत्याही प्रचारपटात मिळणार नाही. गाडीच्या पाटीवरून काळही पडताळता येतो. ‘एमएच’ हे चिन्ह १९८८च्या मोटारवाहन कायद्यानंतरचे, आणि ‘०७’ हा आकडा सिंधुदुर्गचा. तीन अक्षरांची जुनी पाटी दिसली तर वाहनाची नोंदणी त्यापूर्वीची. कॅमेऱ्याने कोपऱ्यात छापलेल्या तारखेपेक्षा हे प्रमाण अधिक भरवशाचे, कारण ती तारीख बरोबर लावण्याची तसदी पुष्कळांनी घेतलेली नसते.

ही सामग्री मात्र वेगाने नष्ट होत आहे. चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. फीत सुटत नाही, सुटली तर कण सांडतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर, माळ्यावरच्या ट्रंकेत, त्यावर बुरशीही धरते. फीत टिकली तरी यंत्र कोठून आणावयाचे? व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबविले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने चुंबकीय फितींसाठी २०२५ ही मुदत दहा वर्षे आधीच सांगून ठेवली होती.

परंतु घाईने केलेले जतन हाही एक प्रकारचा नाशच आहे. फितीची संगणकीय प्रत करताना ‘कंटाळवाणा’ भाग गाळण्याची आणि मूळ आवाजाऐवजी गाणी घालण्याची प्रथा पडली आहे. गाळला जातो तो नेमका वऱ्हाड गाडीत चढतानाचा भाग. पुसला जातो तो चढणीला गिअर बदलतानाचा इंजिनाचा सूर आणि कंडक्टरच्या दोरीची घंटा. दुसरा दोष तांत्रिक आहे. आपल्याकडील फितीत दर सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात. स्वस्त प्रतीत त्यांतली निम्मी टाकून देतात. नवरीच्या मुखाला त्याने विशेष बाध येत नाही, धावत्या चाकाची गती मात्र तुटक होते. कुटुंबाला हवी तशी आटोपशीर प्रत खुशाल द्यावी. संग्रहासाठीची प्रत मात्र पहिल्या खरखरीपासून अखेरच्या कोऱ्या पट्टीपर्यंत अखंड असावी. कॅसेटीवरील चिठ्ठीचे छायाचित्र तिच्याबरोबर ठेवावे. आणि प्रत झाली म्हणून मूळ फीत भंगारात देऊ नये, कारण एका यंत्रावर न उठलेले चित्र अधिक नीट जुळविलेल्या दुसऱ्या यंत्रावर कित्येकदा उठते.