रिकाम्या छपराखाली कोण बसणार होतं?

मंडळी, मागच्या वेळी आपण शाई आणि कागद यांच्याविषयी बोललो. आज या निसर्गचित्रांत राहणाऱ्या माणसाकडे वळू. खरं तर न राहणाऱ्या.

पडद्यावर आहे ते नी त्सानचं 'रोंगशी अभ्यासिका', १३७२ सालचं. मूळ चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे, उंची जेमतेम ७५ सेंटीमीटर. खाली खडकावर विरळ झाडं, त्यांच्याजवळ चार खांबांवर एक छप्पर. मधे कोरा कागद, तेच पाणी. पलीकडं बुटके डोंगर. माणूस नाही.

काय शांतता, असं आपण चटकन म्हणून जातो. आम्हीही कित्येक वर्षं तेच म्हणत आलो. आज ते मागं घ्यावं म्हणतो.

आपल्याकडं एकांत म्हटलं की साधना आठवते, गुहा आठवते. तो अर्थ आपण नकळत या चित्रांवर चढवतो. चिनी शब्द आहे 'यिन', म्हणजे लपणं. कशापासून? तर दरबारापासून, सरकारी नोकरीपासून. शिकलेल्या माणसानं परीक्षा द्यायची आणि अधिकारी व्हायचं, ही तिथली रीत. मंगोलांच्या युआन राजवटीत या परीक्षा कित्येक वर्षं बंदच होत्या. १३१५ साली पुन्हा सुरू झाल्या, तरी दक्षिणेतल्या चिनी विद्वानांना वाव थोडाच. म्हणजे कोणी आपणहून घरी बसला, कोणाला बसावं लागलं, आणि पुष्कळदा ज्याचं त्यालाही हे सांगता आलं नसतं. हुआंग गोंगवांग साधा कारकून होता, तुरुंगवास भोगून आला. मग डोंगर.

आता हे वांग मंगचं 'छिंगबिआन डोंगरातला निवास', १३६६. इथं माणूस आहे, पण शोधावा लागतो. डोंगर पिळवटलेला, खडक एकमेकांवर रेटलेले, श्वास घ्यायला जागा नाही. त्या सुमारास त्याच मुलखात मिंग राजवटीचा भावी संस्थापक आणि त्याचा प्रतिस्पर्धी यांची लढाई चालू होती. ही लपायची जागा म्हणायची? वांग मंग पुढं मिंग सरकारच्या नोकरीत गेला आणि १३८५ साली तुरुंगात वारला. चित्रात ते आधीच दिसतं असं म्हणणं सोपं आहे, आम्ही म्हणणार नाही. पण निवांतपणा त्यात नाही, एवढं नक्की.

हे पाहून नी त्सानकडं परत या. हा वूशीचा श्रीमंत माणूस. घरी ग्रंथांचा, जुन्या चित्रांचा मोठा संग्रह. करांचा जाच आणि बंडाळी वाढली तसं त्यानं घरदार सोडलं आणि वीसेक वर्षं ताय सरोवराच्या आसपास नावेत, मित्रांकडं, मठांत काढली. ज्याला घर नाही असा माणूस दुसऱ्यांच्या अभ्यासिका रंगवतो आहे. कुंचल्यात शाई इतकी कमी की रेघ कागदावर खरवडत जाते. समीक्षक याला संयम म्हणतात. आम्हाला ती काटकसर वाटते, आणि काटकसरीला कारण असतं.

गंमत अशी की मिंग काळात नी त्सानचं चित्र घरात आहे की नाही, यावरून जिआंगनानमधल्या घराण्यांची अभिरुची जोखू लागले. बेघर माणसाचं छप्पर दिवाणखान्याची शोभा झालं. त्याची नक्कल करणाऱ्यांचीही रांग लागली. बहुतेकांच्या छपराखाली कोणी नसतं, एवढंच. नी त्सानच्या छपराखाली मात्र कोणाची तरी जागा राखलेली आहे.

ती कोणाची, हे चित्रावरच लिहिलंय. 'रोंगशी' म्हणजे गुडघे मावतील एवढी जागा. हे नाव एका वैद्याच्या अभ्यासिकेचं. चित्र मुळात दुसऱ्याच मित्रासाठी काढलेलं. तो दोन वर्षांनी ते घेऊन आला आणि म्हणाला, यावर त्या वैद्यासाठी चार ओळी लिहून दे. नी त्सानने लिहिल्या. कधी गावी परतलो तर त्या अभ्यासिकेत येईन, मद्याचा पेला उचलून हे चित्र पाहीन, अशा आशयाच्या. साल १३७४. त्याच वर्षी तो वारला.