गुण ९ वर आले, म्हणजे माणूस बरा झाला?

आमच्या मालवणात वर्षानुवर्षं गप्प, थकल्यासारख्या राहणाऱ्या माणसाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "तेचो स्वभावच तसो!" हे वाक्य लक्षात ठेवा आणि शेजारच्या गोव्यातला एक गाजलेला पेपर माझ्यासोबत वाचा.

विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांसोबत ६ ते ८ बैठका घेतल्या. फक्त सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा हे रुग्ण ३ महिन्यांनी जास्त सावरलेले दिसले. काम भक्कम आहे, यात वाद नाही.

आता पद्धतीचा भाग उघडा. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली: ९ प्रश्न, कमाल २७ गुण, आणि विचारणा मागच्या २ आठवड्यांचीच. १४ च्या वर गुण असतील तर अभ्यासात प्रवेश. तीव्रता बेक यांच्या मापनानेही मोजली, पण 'बरा' कोणाला म्हणायचं? ज्याचे पीएचक्यूचे गुण १० च्या खाली आले त्याला.

इथे जरा थांबा. सौम्य पण चिवट नैराश्याचं, म्हणजे डिस्थायमियाचं, निदान करायला निदान २ वर्षांचा काळ बघावा लागतो. समजा, ट्रॉलरवरचा एक खलाशी १० वर्षं ८-९ गुणांवर जगतोय. त्याला प्रवेशच नाही. ठीक आहे, अभ्यास जास्त तीव्र नैराश्याचा होता, तो दोष नव्हे. पण जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हातातलं काम गेलं, गुण १८ वर चढले, उपचारांनी ९ वर आले. नोंद काय होणार? 'बरा.' प्रत्यक्षात तो जुन्याच जागी परतलाय. जुन्या नैराश्यावर नवं चढतं, त्याला केलर आणि शापिरो यांनी १९८२ मध्येच 'दुहेरी नैराश्य' म्हटलं होतं.

म्हणजे निष्कर्ष खोटा नाही, पण 'बरा' हा शब्द आकड्यापेक्षा मोठा झालाय.

तुम्ही उद्या प्रश्नावली घेऊन गावात जाल, तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा: "याआधी बरं कधी वाटत होतं?" किशोरवयातच सुरुवात झालेल्याला कदाचित ते आठवणारही नाही. तेही लिहून घ्या. नाहीतर "स्वभावच तसो" हेच आपण आकड्यांत लिहून मोकळे होऊ.