गोबी मंचूरियन : आरोपी कोण?

आमच्या वकीलमंडळींत एक जुना परिपाठ आहे. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी कोर्टाचे काम आटोपले म्हणजे बेळगावात एखाद्या चिनी उपाहारगृहात चौघापाचांनी बसावयाचे आणि पहिली मागणी गोबी मंचूरियनची करावयाची. वडगावच्या विणकर वस्तीत वाढलेल्या प्रस्तुत लेखकास चीन देशाची चव ठाऊक आहे ती एवढीच. आणि वस्तुतः तीही चीनची नव्हे. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण व हिरवी मिरची परतून, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून कोंबडीचे मंचूरियन सिद्ध केले, असे सांगतात. पुढे शाकाहाऱ्यांकरिता कोंबडीच्या जागी फुलकोबी आला. म्हणजे हा आमच्या भज्यांचाच दूरचा भाऊबंद!

या भाऊबंदावर देवाच्या दारीच खटला भरला जावा, हे नवल. २०२२ साली वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहात आणि २०२४ साली म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेच्या निमित्ताने त्याच्या गाड्यांवर गदा आली. कारणे अस्वच्छता, कृत्रिम रंग व हलक्या प्रतीचा सॉस. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने मात्र पदार्थ सोडून त्यातील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक सदोष निघाले होते. मला हा दुसरा न्याय ग्राह्य वाटतो. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यास दंड होतो, दुधावर बंदी येत नाही. शिवाय पदार्थच निषिद्ध ठरविला की जत्रेतला गाडीवाला तेवढा उठतो. तोच सॉस काचेच्या दाराआड, पांढऱ्या टेबलक्लॉथवर वाढणारा सुखरूप राहतो.

तथापि आचाऱ्यास एकट्याला पिंजऱ्यात उभे करणे मला जड जाते. तो लाल रंग मागितला कोणी? आमच्याच मंडळींतील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी एकदा फिकी बशी "हे कच्चे दिसते" म्हणून परत धाडली होती. ती पुन्हा आली तेव्हा कुंकवासारखी होती, आणि आम्ही सर्वांनी ती आनंदाने संपविली, मीही. ज्या प्रांतात ब्याडगी मिरची पिकते, जिचा रंग तिखटाहून अधिक नावाजलेला, तेथे पुडीतला रंग लागावा याची लाज कोणासच वाटली नाही.

गेल्या शुक्रवारी आम्ही रंगाविना करावयास सांगितले. बशी तपकिरी आली. ज्येष्ठांनी चष्मा वर सारून तिची उलटतपासणी केली, एक तुकडा तोंडात टाकला, आणि काही न बोलता बशी स्वतःकडे ओढून घेतली.