मानवी ऊतींमधील फॉस्फरिलीकृत प्रथिनांचा शोध : द्रव्यमान वर्णपटमापन पद्धतीचे चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना :
प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जाणे ही पेशीतील संदेशवहनाची मूलभूत क्रिया होय. कायनेज विकर हा गट जोडतात, तर फॉस्फेटेज विकर तो काढून टाकतात. या प्रत्यावर्ती क्रियेच्या शोधाबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक कर्करोगांत कायनेजांवरील नियंत्रण सुटलेले असते आणि इमॅटिनिबसारखी औषधे नेमके तेच कायनेज रोखतात. म्हणूनच रुग्णाच्या ऊतीत कोणती प्रथिने फॉस्फरिलीकृत आहेत, हे जाणणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. द्रव्यमान वर्णपटमापन, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमेट्री, हे त्याचे आजचे प्रमुख साधन आहे. परंतु या साधनाने दिलेले उत्तर खरोखर रोगाविषयीचे असते काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धतीचे सामर्थ्य :
प्रथम प्रथिने ट्रिप्सिनने तोडून पेप्टाइडे मिळवली जातात. त्यांत फॉस्फेटयुक्त पेप्टाइडांचे प्रमाण अत्यल्प असल्याने ती टायटॅनियम डायऑक्साइड अथवा धातू-आयनांच्या साहाय्याने वेगळी करावी लागतात. फॉस्फरिलीकरणाने पेप्टाइडाचे वस्तुमान सुमारे ८० डाल्टनने वाढते. ही वाढ हीच त्याची ओळख. २००६ साली ओल्सन व सहकाऱ्यांनी हेला पेशींमधील २,२४४ प्रथिनांवर ६,६०० स्थाने नोंदवली. पूर्वीच्या पद्धतींच्या तुलनेत ही झेप निर्विवाद मोठी होती. मात्र त्यांत टायरोसीनवरील स्थाने २ टक्क्यांहूनही कमी होती, आणि कर्करोगावरील अनेक औषधांचे लक्ष्य तर टायरोसीन कायनेज हेच असते. संख्या मोठी असली तरी उपयुक्त माहिती विरळ असू शकते, हे येथेच ध्यानात येते.

मर्यादांची चिकित्सा :
संवर्धित पेशींतील क्रिया संशोधक हव्या त्या क्षणी थांबवू शकतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीबाबत हे शक्य नसते. रक्तपुरवठा तुटल्यापासून नमुना गोठेपर्यंत ऊतीला प्राणवायू मिळत नाही, पण तिच्यातील विकर कार्यरत राहतात. मर्टिन्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अंडाशयाच्या अर्बुदांवर, तसेच उंदरांत वाढवलेल्या मानवी स्तनअर्बुदांवर हा परिणाम तपासला. एका तासाच्या विलंबात प्रथिनांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. फॉस्फरिलीकरणात मात्र २४ टक्क्यांपर्यंत बदल आढळले. हे बदल प्रामुख्याने ताण-प्रतिसादाच्या कायनेज मार्गांत होते. कर्करोगाचे अभ्यासक शोधतात तेही बहुधा असेच मार्ग. अशा वेळी शस्त्रक्रियागृहातील दिरंगाई ही रोगाची खूण म्हणून नोंदली जाण्याचा धोका संभवतो.

२०१६ च्या स्तनकर्करोगावरील अभ्यासात १०५ अर्बुदांपैकी केवळ ७७ नमुन्यांची माहिती उच्च दर्जाची ठरली. हे उघडपणे नमूद करणे प्रशंसनीयच आहे. तथापि, प्रथिनांचा ऱ्हास झालेला नमुना ओळखून वगळता येतो. विलंबाने केवळ फॉस्फरिलीकरण बदललेला नमुना तितक्या सहजपणे ओळखता येत नाही.

आणखी दोन मर्यादा थोडक्यात नोंदवणे आवश्यक आहे. पेप्टाइडात दोन सेरीन शेजारी असल्यास फॉस्फेट कोणत्या सेरीनवर आहे, हे पुष्कळदा संभाव्यतेनेच सांगावे लागते. तसेच अर्बुदाच्या तुकड्यात कर्कपेशींसोबत रक्तवाहिन्या व प्रतिकारपेशीही असल्याने मिळणारे मापन सर्वांची सरासरी असते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून ही पद्धत त्याज्य ठरत नाही. तिच्या मूल्यमापनाचा निकष बदलणे गरजेचे ठरते. नोंदलेल्या स्थानांची संख्या प्रामुख्याने उपकरणाची व प्रक्रियेची क्षमता दर्शवते, रोगाविषयीच्या निष्कर्षाची सत्यता नव्हे. रक्तपुरवठा थांबल्यापासून नमुना गोठेपर्यंतचा काळ मिनिटांत नोंदलेला नसेल, तर ऊतीवरील अशा शोधनिबंधाचे निष्कर्ष तात्पुरते मानावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असे निबंध वाचावयास देताना आपण अध्यापकांनी त्यांना निष्कर्षांच्या तक्त्यापूर्वी नमुना-संकलनाचा परिच्छेद वाचण्याची सवय लावणे अगत्याचे आहे.